छबू सांगायला लागली

।। श्री ।।
केज, मार्गशीर्ष वद्य ५, शके १८३४

चि. सौ. चतुराबाई हीस थोरली जाऊ केसरबाई हिचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तू बाळंतपणाला गेलीस तेव्हा तुझ्या छबूच्या अंगावर गोवर होता, म्हणून ती माझ्याकडं राहिली. आता गोवर पार उतरला. तुला मुलगा झाल्याचं कळलं तशी साखर वाटली.

एक नवल सांगते. दुपारी झोपून उठती तेव्हा छबूचं धडुतं कोरडं असतं. शू लागली की खेळ टाकून पाय आवळती अन् माझा पदर ओढती. चुकून ओलं झालंच तर आपल्या हातानं सोडती. मी काही शिकवलं न्हाई. पोरगी तयार हाय हे दिसलं, म्हणून परसात दोन विटा मांडल्या. आठ दिसांत दोनदाच चुकली. मला मोठीमाय म्हण म्हणते, पण 'मोठी' तिच्या तोंडात बसत न्हाई, नुसतं 'माय' निघतं.

पत्र तुझे मालक, पंडितभाऊजी लिहून देतात. तहसिलीचा शिपाई पाटोद्याला निघालाय, त्याच्याजवळ देते. जिवाला जप.

पाटोदा, मार्गशीर्ष वद्य ११

ती. स्व. केसरबाई यांस चतुराचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून माझा भाऊ सुंदरराव हसला. मला मात्र घास गेला नाही. दोन वर्षं तिचे लंगोट मी धुतले, आणि शहाणी झाली ती तुमच्या हाताखाली. माझ्या लेकीनं पहिल्यांदा सांगितलं ते तुम्हाला. मी नसताना कशाला विटा मांडल्या? आल्यावर मीच तिला बसवीन. तोवर लंगोट घट्ट बांधून ठेवा. पोटी लेकरू नाही म्हणून दुसरीच्या लेकराकडून माय म्हणवून घ्यायचं नसतं.

आमच्यावरचा लोभ आहे तसा ठेवा, छबूवरचा थोडा आवरा.

केज, पौष शुद्ध ३

चि. सौ. चतुराबाई हीस आशीर्वाद वि. वि.

तू म्हणालीस म्हणून एक दिवस लंगोट बांधला. छबू सकाळपासून दुपारपर्यंत आवळून बसली. गाठ ओढून बोटं लाल झाली, लई रडली, पण त्यात केलं न्हाई. शेवटी मी सोडला. आता बांधणार न्हाई, तुला राग आला तरी.

तुझ्या पत्रातली एक ओळ भाऊजी वाचेनात. मधीच थांबले तसं मला समजलं. मी वाचायला लावली. हेबी त्यांनाच लिहायला सांगते. ती पहिल्यांदा माय म्हणाली तेव्हा तीन दिवस मी तिला टोकलं न्हाई. गोड वाटलं.

लवकर ये. भेटीपर्यंत माया राहू दे.

केज, माघ शुद्ध ७

ती. सुंदररावदादास चतुराचा सा. न. वि. वि.

गाडी सुखरूप पोचली. मला पाहून छबू जाऊबाईंच्या मागं लपली. दोन दिवस तिला शू लागली की त्यांच्याकडंच जायची. मी बाळाला पाजत बघायची आणि आतून जळायची. तिसऱ्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या, बाजारला जाते, संध्याकाळ होईल.

छबू किती तरी वेळ दारात उभी राहिली. पाय आवळून रस्त्याकडं बघत होती, मग माझ्याकडं बघितलं. मी बाळाला खाली ठेवलं, नुसता हात पुढं केला. तिनं धरला.

जाऊबाई दिवेलागणीला आल्या ते रिकामी टोपली घेऊन. दिवसभर मारुतीच्या पारावर बसून होत्या, असं मागून शेजारणीकडून कळलं. मी लिहिलेल्या त्या ओळीसाठी त्यांच्या पाया पडले. त्यांनी एवढंच विचारलं, "लेकरू कोरडं हाय ना?" मी हो म्हणाले, तशा त्या चुलीकडं वळल्या आणि पाठमोऱ्याच जाळ घालत बसल्या.

सकाळी उठली की छबू अजून त्यांनाच शोधते. मला झोंबतं, तुझ्यापासून काय लपवू? पण बाळाला त्यांच्या मांडीवर देताना आता हात आखडत नाही.

वहिनीस नमस्कार. बहिणीची आठवण ठेव.