मागच्या दाराचं हँडल

प्रिय लोटू,

हँडल पोचल्याचं कळलं. तुझ्या धर्मेंद्रने फोटो पाठवला, त्यात तू ते हातात धरून असा उभा आहेस जसा काही निवडणूक जिंकून आलायस. अंगात दोन स्वेटर, डोक्यावर कानटोपी, आणि हातात आपल्या कॉन्टेसा गाडीच्या मागच्या दाराचं हँडल. मला आधी हसू आलं, मग बराच वेळ तो फोटोच बघत बसलो. वाळलायस रे तू. सूनबाई जेवायला घालत नाही असं मी म्हणणार नाही, पोरगी चांगली आहे, पण लेस्टरमध्ये कळण्याची भाकरी कोण थापणार?

तू फोनवर म्हणालास, उद्याच सुरतला कुरिअर करतो. मी घाईघाईने नको म्हणालो आणि पत्र येतंय, तोवर थांब, एवढंच सांगितलं. मगन म्हातारा झाला असं तुला वाटलं असेल. झालोच आहे. पण ते खोकं पुढे पाठवू नकोस, आणि का नको ते नीट वाच. फोनवर मला हे जमत नाही. मी माझ्या वैशालीच्या लग्नाचा विषय काढला की तुझ्याकडची रेंज जाते. मागच्या वेळी तर, आता तिकडे माझं कोण आहे, असं म्हणून तू फोन धर्मेंद्रच्या हातात दिलास. मी त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. काय करणार?

आधी कराचं सांगतो. तुझी भाची वैशाली इथे रिंगरोडवर टॅक्सवाल्याच्या ऑफिसात बसते, कापड मार्केटातल्या व्यापाऱ्यांचं जीएसटी भरते, हे तुला ठाऊक आहे. हँडल विकणारा इंग्लंडमधला. आपली कॉन्टेसा जिच्यावरून बेतली ती थोरली बहीण त्या मुलखातली, तिचे सुटे भाग त्याच्याकडे जुन्या साठ्यात न वापरलेले पडलेत. पांडेसऱ्याच्या मिस्त्रीने फोटो पाहून सांगितलं, बसेल. तर वैशालीचं म्हणणं असं, की माल थेट सुरतला मागवला असता तर त्या दुकानदाराने तिथला विक्रीकर लावला नसता, कारण माल देशाबाहेर चालला. मग इथे उतरल्यावर आपल्या सरकारने कस्टम आणि जीएसटी घेतला असता, आणि तो भरल्यावर कुरिअरवाल्याने खोकं दारात दिलं असतं. एकदाच काय तो कर. पण मी पत्ता दिला तुझा. त्यामुळे तिथला कर बिलात चढलाच. आता तू ते इकडे कुरिअर केलंस तर इथला पुन्हा लागणार. खोक्यावर भेट म्हणून लिहिलंस तरी सुटका नाही. भेटवस्तूंत सूट आहे ती राखीला आणि जीव वाचवणाऱ्या औषधांना. हँडल दोन्हींत बसत नाही.

वैशालीने बिल पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दिवसभर मी लोकांना शिकवते आणि माझ्या घरात हा कारभार, असं म्हणाली. मी म्हणालो, अगं, आपल्यात वस्तू अशीच येते. खरं की नाही? गावाकडून दादर ज्वारीचं पीठ आलं ते कुणाच्या तरी हातून, पापड आले ते उधना स्टेशनवर उतरणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून. सुरतेत आपल्या नवागामातल्या माणसाने कधी खान्देशातून पार्सल मागवलंय का? आधी विचारायचं, कोण येतंय? मग त्या माणसाच्या घरी वस्तू पोचती करायची. मीही तेच केलं. परदेशात माझा माणूस एकच, म्हणून पत्ता त्याचा.

गाडीची हालत तुला सांगितली पाहिजे. तू गेल्यापासून लग्नाच्या भाड्याच्या वर्द्या मी कमीच घेतो. डिंडोलीच्या एका लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी नाचता नाचता दार असं ओढलं, की हँडल तुटून एकाच्या हातातच आलं आणि तो ते वर धरून नाचत राहिला. तेव्हापासून डाव्या बाजूचं मागचं दार बाहेरून उघडत नाही, आतून उघडतं. नवरदेवाला उजवीकडून चढून सीटवरून घसरत यावं लागतं. फेटा छताला लागतो, शेरवानी चुरगळते, वरमाई माझ्याकडे खाऊ की गिळू बघते. तू असतास तर तिला दोन शब्दांत हसवलं असतंस. मला ते कधी जमलं नाही. मी पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये जन्मभर रंग बघितले, माणसांशी बोलायचं काम तुझं होतं. मिलच्या शेठने ही गाडी विकायला काढली तेव्हा तूच म्हणालास, मगन, अर्धी तुझी अर्धी माझी, आपल्या गल्लीतली पोरं रिक्षातून लग्नाला जाणार नाहीत. आणि पहिल्या वर्दीला तू नवरदेवापेक्षा जास्त वेळ भांग पाडत बसलास. वैशालीच्या आईने, कलाबाईने, तुझ्या हातातून कंगवा ओढून घेतला होता, आठवतं?

घरातलं विचारशील तर ठीक आहे. कलाबाई गेली तेव्हा तू येऊ शकला नाहीस, तुझं ऑपरेशन झालेलं, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. सुमनवहिनी गेल्यावर तुला गल्ली नकोशी झाली तेही मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, आता कळतं. आता सकाळी चहा मी करतो आणि अजून दोन कपांचं पाणी ठेवतो. शेजारचे लूम चालू असतात तोवर बरं असतं. वीजकपातीच्या दिवशी ते बंद पडतात आणि मग घर खायला उठतं. तसा मी गाडी पुसायला बाहेर येतो. गाडी चकाचक आहे हे त्यामुळेच. तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, रविवारी उघडतो, खिडक्या उघडतो-लावतो, पंखा फिरवून बघतो. तुझ्या घरी पाऊल टाकवणार नसेल तर टाकू नकोस. आमच्याकडे उतर. माझ्याकडे जागाच जागा आहे.

लग्न माघात आहे. मुलगा नाशिकचा, शांत आहे, चहा पिताना आवाज करतो एवढाच दोष. वैशालीने बजावलंय, सासरी जाईन तर आपल्या कॉन्टेसातूनच. तिचं दुसरं एकच गाणं आहे, मांडवात मला कोण आणणार? कलाबाईला सख्खा भाऊ नव्हता, तुझ्याच हाताला राखी बांधली तिने जन्मभर. इंग्लंडलाही पाठवायची, पाकिटावर पत्ता वैशालीकडून लिहून घ्यायची. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तिला धड बोलवत नव्हतं, तरी मला म्हणाली, “पोरना लगीनमा मना भाऊ पाहिजे.” मी हो म्हणालो. तुला न विचारता तुझ्या वतीने हो म्हणालो. मामा नसला तर काका उभा राहतो, माझ्या भावाने, रामदासने, तयारीही दाखवली. पण वैशाली त्याला हसून म्हणाली, थांबा जरा, अजून खोकं यायचंय.

तेव्हा मला कळलं की पोरगी सगळं समजून आहे. ऑर्डर तिनेच टाकली होती. कर दोनदा लागू शकतो हे तिला पैसे भरायच्या आधीच दिसलं असणार, तो तिचा रोजचा धंदा आहे. तिने मला विचारलंही होतं, बाबा, पत्ता मामांचाच ठेवायचा ना? मी भिंतीकडे बघत हो म्हणालो. तिने ठेवला. कपाळाला हात लावला तो नंतर, मला बरं वाटावं म्हणून. आणि काल तिनेच हळूच सांगितलं, प्रवासी माणसाच्या सामानात सवलतीच्या हद्दीत बसणारी वस्तू असेल तर इथे कर पडत नाही, बिल जवळ ठेवायचं, विचारलं तर दाखवायचं. आपलं हँडल त्या हद्दीत आरामात बसतं.

म्हणून हे पत्र, लोटू. कराचं मी लांबण लावलं कारण खरं लिहायला हात उचलत नव्हता. हँडल नसलं तरी लग्न लागेल. तू नसलास तरी रामदास वैशालीला मांडवात आणेल, पोरगी रडेल आणि संसाराला लागेल. तिची मला काळजी नाही. मला माझी भीती वाटते. पाठवणी झाली की गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेल, पाहुणे पंगतीकडे जातील, आणि मी तिथेच उभा राहीन. कलाबाई असती तर दोघं उभे राहिलो असतो. त्या वेळी शेजारी मला कुणीतरी हवं आहे, आणि ‘कुणीतरी’ म्हटलं की मला तुझ्याशिवाय दुसरं तोंड आठवत नाही. गाडी त्या दिवशी दुसऱ्या कुणाला चालवू दे, तू माझ्याजवळ थांब. नंतर वाटलं तर परत जा, मी अडवणार नाही. पण ते हँडल कुरिअरने पाठवू नकोस रे. हातात घेऊन ये.

तुझी वाट बघणारा,
तुझाच
मगन