नुसतं साटीन

प्रिय ठिपक्या,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. आधी उभ्याउभ्या वाचलं, मग चहा ठेवून बसून वाचलं. पडदेवाल्या बाईंच्या तीनशे मीटर कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला, त्यावर छापलेली निळी पानं पाण्यात विरून गेली आणि बाईंनी तुझ्याच कारखान्यात, तुझ्याच माणसांसमोर तुझी सालटी काढली, हे सगळं तू अगदी मोकळेपणाने लिहिलंयस. आणखी एकदा कापड द्यावं म्हणून तू बाईंच्या हातापाया पडलायस, त्यांनी अजून हो-नाही सांगितलेलं नाही, आणि दिलंच तर या वेळी छपाई कोणत्या पद्धतीने करू, असं मला विचारतोयस. हे कामही गेलं तर कारखान्याला कुलूप लावावं लागेल, हेही लिहिलंयस. आणि शेवटी, चूक माझीच, ताई, मी तुला नीट कळवायला हवं होतं. हे वाक्य मला फार आवडलं. सोळा वर्षं उशिरा आलं, भलत्याच कापडावर आलं, पण आलं एकदाचं.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर म्हणशील ताई नेहमीसारखी फाटे फोडत बसली. साटीन हे सुताचं नाव नाही, विणीचं नाव आहे. एक धागा चार धाग्यांवरून लांब उडी मारतो, म्हणून कापड चमकतं आणि हाताखालून सटकतं. तो धागा कापसाचाही असतो आणि पॉलिस्टरचाही. दोन्ही चमकतात आणि आपण दोघांनाही साटीनच म्हणतो. आठवतं का, बाबा नुसतं साटीन असं कधीही म्हणाले नाहीत. सुती साटीन म्हणायचे, नाहीतर पॉलिस्टर साटीन. गिऱ्हाईक नुसतं साटीन म्हणालं की बाबा काडेपेटी मागायचे. एक धागा ओढून जाळायचा. कागदासारखा जळून राख झाला तर सुती, वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. तू मात्र माझ्या हातालाच कळतं म्हणायचास. तुझ्या हाताचं कौतुक घरात सगळ्यांनाच होतं.

तर बाईंचं कापड सुती. त्यावर तीन गोष्टी करता येतात आणि त्यातल्या दोन करू नयेत. पिगमेंट लावलास तर रंग डिंकासारखा वर बसतो, कापड हाताला कडक लागतं आणि जिच्यासाठी एवढं कापड घेतलं ती चमकच मरते. पिशव्या, एप्रन असल्या गोष्टींना ते ठीक, मी गेली चार वर्षं दुसरं काय करतेय? कागदावरची छपाई गरम दाबून उतरवायची ती ट्रान्सफर पॉलिस्टरला घट्ट धरते. कापसावर ती पाहुणी असते, पाणी लागलं की निघाली. सुती साटीनला रिअॅक्टिव्ह रंगच हवा. तो धाग्याच्या आत जातो, वर काही राहत नाही, चमक जिथल्या तिथे. छापायचं, सावलीत वाळवायचं, मग वाफ द्यायची आणि त्यानंतरच धुवायचं. वाफेशिवाय रिअॅक्टिव्ह म्हणजे नुसतं रंगीत पाणी. पण हे मी तुला काय सांगायचं? वाफेचं तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सोळा वर्षांपूर्वी मी तेवीस वर्षांची होते आणि तू एकोणीस. त्या मोठ्या चादरी मी छापल्या होत्या. बाबांनी पहिल्यांदा अख्खं काम माझ्यावर टाकलं होतं. रंग ओढायची रबराची पट्टी माझ्या हातात, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी एकटी, आणि नक्षीचा एकही जोड सरकला नव्हता. वाफ देणं तुझं काम. तू मॅच बघायला गेलास, परत आलास आणि सगळ्या घड्या वाफ दिलेल्या ढिगात ठेवून दिल्यास. मी विचारलं तर झालं म्हणालास. सकाळी मी हौद भरला आणि पहिली चादर बुडवली. मग दुसरी, तिसरी, कारण मला वाटलं पहिलीतच काही खोट असेल. बाबा आले तेव्हा माझे हात कोपरापर्यंत लाल होते. त्यांनी विचारलं, वाफ कुणी दिली? मी तुझ्याकडे बघितलं. तू जमिनीकडे बघत होतास. एक वाक्य होतं रे, चार शब्दांचं. तू तोंडातून ब्र काढला नाहीस.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पट्टी माझ्या हातून काढली, पुसली आणि तुझ्या हातात दिली. त्यानंतर बारा वर्षं मी धुणं, इस्त्री, घड्या आणि गाठोडी केली. तू छापायचास आणि मी तुझं धुवायचे. सांगतो गं बाबांना, वेळ बघून सांगतो, असं तू मला पहिल्या वर्षी चार-पाचदा म्हणालास, नंतर तेही बंद केलंस. बाबा शेवटच्या आजारपणात माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, तुझा हात चांगला होता, लक्षच नव्हतं. तू पलंगाच्या पलीकडे उभा होतास. तेव्हाही वेळ बघत होतास बहुतेक. बाबा गेल्यावर तेराव्या महिन्यात आपण वेगळे झालो, तेव्हा लांब टेबल मला आलं आणि वाफेची पेटी तू नेलीस. मी अडवलं नाही, कारण तुझ्याशी भांडायचं तर आधी तुझ्याशी बोलावं लागलं असतं.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. चूक तुझी नव्हती. महिन्यापूर्वी तू पाकिटातून कापडाचा तुकडा पाठवलास आणि लिहिलंस, साटीन आहे, ट्रान्सफर चालेल ना? मी त्याच संध्याकाळी एक धागा ओढला आणि गॅसवर धरला. राख झाली. बोटावर घेऊन चोळली, भुरभुरीत राख. मग मी तुला कार्डावर लिहिलं, साटीनला ट्रान्सफर उत्तम. यात खोटं काय आहे सांग. तू विचारलंस नुसतं साटीन, मी उत्तर दिलं नुसत्या साटीनचं. पहिला मीटर दाबून निघाला तेव्हा तू फोन केलास, रंग दबलेला वाटतो म्हणून. त्या वेळी मात्र मी चक्क खोटं बोलले. म्हटलं, चमकीमुळे तसं दिसतं, पहिल्या पाण्यात खुलेल. फोन ठेवल्यावर वाटलं, पुन्हा फोन करावा. लहानपणी तू छपाईच्या टेबलाखाली झोपायचास, वरून थेंब पडून तुझ्या सदऱ्यावर ठिपके उठायचे आणि मी ते लिंबाने घासत बसायचे, तोच ठिपक्या हा. अर्धा तास फोनजवळ बसून होते. मग उठून भांडी घासली. तू एक वाक्य गिळलंस, मी एक शब्द गिळला. सुती. एवढाच.

तर तू स्वतःच्या हाताला दोष देऊन कुढत बसू नकोस. तुला शंका आली होती आणि तू ज्या माणसाला विचारायला हवं त्यालाच विचारलंस. हे तुला कळलेलं बरं. कुणावर डाफरायचं ते तरी माहीत असावं माणसाला. मला बारा वर्षं माहीत होतं, त्यावरच दिवस निघाले.

आणि हे एवढं लांबलचक लिहायचं कारण वेगळंच आहे. पडदेवाल्या बाई तुला पुन्हा कापड देणार नाहीत. तुझं पत्र आलं त्याच्या दोन दिवस आधी त्या नवीन कापड घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. तुमच्या भावाला यातलं काही कळत नाही म्हणाल्या. त्यावर मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, जमिनीकडे बघत राहिले आणि कापड ठेवून घेतलं. सोपं असतं रे ते, मला उगीच वाटायचं अवघड असेल. तीनशे मीटर रिअॅक्टिव्हमध्ये छापून झालंय, निळी पानं, एकही जोड सरकलेला नाही. पिशव्या-एप्रन सोडून एवढ्या लांब कापडावर सोळा वर्षांनी पट्टी धरली तरी हात विसरला नव्हता. कापड सावलीत वाळतंय, आता फक्त वाफ राहिली. बाबांची पेटी तुझ्याकडे मागच्या खोलीत पडून आहे आणि तिच्यावर तू कागदाचे रोल रचलेयस, असं बाई सांगत होत्या. तुला आता ती कशाला लागणार? गुरुवारी सकाळी टेम्पो पाठवते, सोबत चार माणसं आहेत, तू हात लावायची गरज नाही. द्यायची नसेल तर मात्र तोंडाने सांगावं लागेल, त्या माणसांसमोर, आणि का नाही तेही. मग माझंही कापड पाण्यात जाईल, तेवढं तुझ्या हातात आहे. काहीच बोलला नाहीस तर मी होकार समजेन. ते तुला जमतं.

तू गप्पच राहशील याची खात्री असलेली,
तुझीच
ताई