श्रावणातल्या पत्राचं उत्तर

जयनगर, बंगळूर
शनिवार, ६ डिसेंबर १९९७

प्रिय ध्रुवबाळा,

आजीचा पोटभर आशीर्वाद. अक्षर बघून दचकू नकोस. दर वेळचं ते गोल, सुबक अक्षर रंजिताचं. हे एकमेकांच्या खांद्याला धरून उभं राहिल्यासारखं अक्षर तुझ्या वडिलांचं. आज शनिवार, त्याची बँक अर्धा दिवस. जेवला, पेपर वाचला, आणि आता आडवा होणार तोच मी म्हटलं, श्रीरंग, ध्रुवला पत्र घालायचंय, बस इथं. म्हणाला, रंजिता कुठं गेली? म्हटलं, ती माझ्यावर रुसलीय. का, ते पुढं येईलच. मी त्याला अट घातलीय. मी सांगेन ते लिहायचं, माझं वाक्य सुधारायचं नाही आणि मध्ये उठायचं नाही. सरी, म्हणजे बरं, म्हणालाय. तोंडानं सांगायला गेले असते तर हा निम्म्यातच चप्पल घालून बाहेर पडला असता. हातात पेन असलेला माणूस सहसा उठत नाही, हे मला अनुभवानं माहीत आहे.

तुझी आई जे. पी. नगरला तुझ्या सुखदाताईकडे गेलीय. सुखदाच्या पोरीला दात येताहेत. घरात एकीला येताहेत नि एकीचे सगळे गेले, म्हणजे हिशेब बरोबर. गेल्या रविवारी तू फोनवर सांगितलंस की अमेरिकेतली कंपनी आणखी तीन वर्षं ठेवून घेतेय, नव्या वर्षात कागदावर सही करायची. फोन ठेवला आणि तुझ्या बाबानं म्हैसूरपाक आणला. गल्लीत वाटला, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा दिला. मी माझा तुकडा तसाच ताटलीत ठेवला. दातांचं निमित्त सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं.

आता तुला माहीत नाही ते सांगते. तू पत्र माझ्या नावावर वेगळं पाठवायचास, कारण बाबाला फोनवर फक्त 'बरा आहे' एवढंच सांगायची सवय. मला वाचता येत नाही, म्हणजे कुणीतरी एकानं ते वाचायचंच. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, रंजिताकाकी वाचतील तेवढंच, बाकी कुणाला नको. शेजारच्या देवाप्पांची ही सून चिकोडीकडची, मराठी शाळेत शिकलेली, तोंडाची घट्ट. तिनं कुणाला सांगितलं नाही. मी सांगितलं. मंगळवारी आपल्याकडे भजनाला बारा जणी जमतात. गेलं दीड वर्ष भजन संपलं की चहा आणि चहाबरोबर तुझं पत्र.

तुझ्या छताला ती बोंबलणारी डबी आहे ना, मोहरी तडतडली की सगळी इमारत डोक्यावर घेते ती? एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात झारा घेऊन तू तिला वारा घालतोस, ते मी उभी राहून करून दाखवायची, गुडघे विसरून. हापिसातले तुला 'ड्रूव' म्हणतात, तेही करायची. शेजारणीनं तुझ्या दारावर चिठ्ठी लावली, तुमच्या जेवणाचा वास जिन्यात येतो म्हणून. तेव्हा अंबुबाई म्हणाली, त्या अक्काला म्हणावं आमच्या गल्लीत ये, इथं वासावरून तर कळतं वाटी घेऊन कुणाकडे जायचं. आणि तू कचरा टाकायला लुंगीवर बाहेर आलास, मागं दार आपोआप बंद झालं, किल्ली आत, बाहेर बर्फ, मग तळघरात कपडे वाळवायच्या यंत्राला पाठ लावून दोन तास बसलास, ते पत्र तर लोकाग्रहास्तव तीनदा वाचलं. सत्यवतीला हसून हसून ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

पण ते पत्र त्यांनी पुरतं ऐकलंच नव्हतं. तुझं पाकीट आलं की रंजिता आधी मला एकटीला स्वयंपाकघरात वाचून दाखवायची. मग मी मेथी निवडावी तसं ते निवडायची. पानं ठेवायची, देठं टाकायची. लुंगीच्या पत्रात तू लिहिलं होतंस की अकरा दारं वाजवली, आत टीव्ही चाललेला ऐकू येत होता, एकानंही उघडलं नाही. आणि त्या यंत्रापाशी बसल्यावर तुझ्या मनात आलं, मला इथं काही झालं तर सोमवारपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. हे मी गाळायला सांगितलं. गाडी नाही, बस नाही, दूध संपलं की बर्फातून पाऊण तास चालतोस, कोरड्या हवेनं नाकातून रक्त येतं. हेही गाळलं. तिथं सगळे 'कसा आहेस' विचारतात आणि उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही, असं होतं, त्यातलं अर्धंच गाळलं. विचारतात एवढं ठेवलं, आणि वर म्हटलं, बघा कशी प्रेमळ माणसं आहेत.

इथं श्रीरंगानं पेन थांबवलंय. म्हणतोय, पाऊण तास? दुधासाठी? एवढं सगळं सांगितलं त्यातलं याला दूधच दिसलं. आता म्हणतो, मी तर दर रविवारी विचारतो त्याला, कसा आहेस. म्हटलं, विचारतोस, आणि घड्याळाकडे बघतोस. हेही लिही म्हटलंय. लिहिलं की नाही ते मला कळायला मार्ग नाही, पण लिहिलं असेल. तुझा बाप तिरसट आहे, लबाड नाही.

आजीला परमुलुखातलं काय कळणार, म्हणून ती हसली, असं तुला वाटेल. तसं नाही रे. मी सोळाव्या वर्षी निपाणीजवळच्या खेड्यातून या शहरात आले. तुझे आजोबा विमानाच्या कारखान्यात फिटर, बळेपेठेत एक खोली. नळावर माझी घागर सगळ्यांच्या शेवटी, कारण भांडायला भाषा हवी. माझ्याकडे एकच शब्द होता, स्वल्प. तो वर्षभर पुरवला. मीठ स्वल्प, तेल स्वल्प, सरका स्वल्प. घरमालकिणीला सुकटाचा वास आला की ती नाकाला पदर लावून माझ्या दारात उभी राहायची. तिला चिठ्ठीची गरज नव्हती, ती स्वतःच चिठ्ठी होती. मी सुकट सोडलं. संध्याकाळी आजोबा आले की मी त्यांना कार्ड लिहायला बसवायची. आई, मला इथं करमत नाही, दादाला न्यायला पाठव. ते मान खाली घालून लिहायचे आणि पेटीत टाकून यायचे. असं दीड वर्ष. मग दादा आला तो हसत, हातात काकवीचा डबा. म्हणाला, काय गं, मजेत ना? दर कार्डात तेच, येथील सर्व क्षेम. मी आजोबांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. चार दिवस बोलले नाही. ते म्हणाले, तुझी आई काळजी करत बसली असती. मला एवढंच वाटत होतं की रडणं माझं होतं, ते माझ्या आईपर्यंत पोचायला हवं होतं. पन्नास वर्षं मी ते त्यांना माफ केलं नाही. आणि मग बघ मी काय केलं.

परवाच्या मंगळवारी बायका तुझ्या तीन वर्षांची बातमी ऐकून आल्या होत्या, उरलेला म्हैसूरपाकही होता. नवं पत्र नव्हतं. गणपतीपासून तुझं पत्रच नाही. मी रंजिताला म्हटलं, जुनं वाच, लुंगीचं वाच. तिनं पत्राची घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, आजी, मी नाही वाचणार. त्यानं तुम्हाला एक विचारलं होतं आणि तुम्ही मला लोणच्याचं लिहायला लावलंत. सगळ्यांसमोर म्हणाली. अंबुबाईनं विचारलं, काय विचारलं होतं गं? मी म्हटलं, काही नाही, मीठ किती घालायचं ते. रंजिता उठली आणि गेली. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले, पण देवाच्या तसबिरीपुढं मांडी घालून बसल्या बसल्या बोलले नव्हते.

श्रीरंग, आता नीट ऐक आणि तसंच लिही. श्रावणातल्या पत्रात ध्रुवनं विचारलं होतं, 'आजी, मला परत यायचंय. आता तिकडेही काम मिळेल, महादेवपुऱ्याकडे नव्या कंपन्या निघताहेत म्हणतात. बाबांना सांगायचा धीर होत नाही. ते केवढ्या अभिमानानं सगळ्यांना सांगत असतात. तू त्यांना विचारशील? तू ये म्हणालीस तर मी येतो.' हे पत्र मी तीनदा वाचून घेतलं, म्हणजे कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. आणि मी उत्तर काय पाठवलं, तर लिंबं पुसून कोरडी करून घे, हिंग बेतानं घाल, बरणी आठ दिवस उन्हात ठेव. जिथं ऊन नाही तिथं.

तुझ्या आईला सांगितलं नाही, कारण ती त्याच दिवशी विमानतळावर जाऊन बसली असती. बाबाला सांगितलं नाही, कारण त्याचा चेहरा उतरेल, असं मी मला समजावत होते. खरं ते असं आहे, बाळा. या शहरात माझं आयुष्य गेलं, ते आधी फिटरची बायको, मग श्रीरंगाची आई, भाजीवाल्याची अज्जी. भजनाचं पुस्तक सगळ्या धरतात म्हणून मीही धरते. मागच्या वर्षी ते उलटं होतं, सत्यवतीनं गुपचूप सरळ करून दिलं. तुझ्या पत्रांमुळं बारा बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. पानपट्टीवाला विचारायचा, अज्जी, अमेरिका काय म्हणतेय? तू परत आला असतास तर पत्रं संपली असती. एवढ्यासाठी मी तुला तिथं ठेवलं. यापेक्षा बरं कारण सापडतंय का म्हणून चार दिवस शोधलं, सापडलं नाही.

श्रीरंग उठला. अट मोडलीच. खिडकीशी जाऊन उभा राहिला, चष्मा काढून धोतराला पुसावा तसा लेंग्याला पुसत राहिला. तिथूनच म्हणाला, मला काय राक्षस समजलात तुम्ही दोघं? मला विचारलं तरी का कुणी? आवाज असा होता की मी पंचेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता, म्हणजे लहानपणी पतंग फाटला तेव्हा ऐकला होता. मग येऊन बसला. म्हणाला, हेही लिहू? म्हटलं, हे तर लिहीच.

पत्र घातलं ते एवढ्यासाठी. हे फोनवर बोलले असते तर तू 'काही नाही गं आजी' म्हणाला असतास आणि तिकडे सही करून मोकळा झाला असतास. तुला राहायचंच असेल तर खुशाल राहा, पण मी गप्प बसले म्हणून राहू नकोस. तू विचारलं होतंस त्याचं माझं उत्तर, चार महिने उशिरा का होईना, ऐक. ये. बाबाला विचारायचं राहिलं होतं, ते आता विचारलंय. त्याचं उत्तर मी सांगणार नाही. खाली अर्धं पान कोरं ठेवायला सांगितलंय, ते त्याचं. त्यात तो काय लिहितो ते मी विचारणार नाही, रंजिताकडून वाचून घेणार नाही, आणि भजनात तर त्याचं नावही निघणार नाही; मंगळवारचं पत्रवाचन मी सोडलं. मी आत चहा टाकायला जाते. पाकीट तोच डकवील.

तुझीच,
मंगळवार सोडलेली आजी