पुलापलीकडची शाळा

बस खात्याच्या मोठ्या साहेबांना नमस्कार.

तुम्हाला आठवणार नाही. मी शिवणकाम करणारी बाई. पुलापलीकडच्या चांगल्या शाळेसाठी वस्तीतून बस सोडा, असं सांगायला आले होते. तुम्ही हसलात. "बाई, चार पोरांसाठी कोण बस सोडतं?"

मग मी शिलाई मशीन विकून जुनी व्हॅन घेतली, चालवायला शिकले. पहिल्याच दिवशी ती पुलावर बंद पडली. पोरांनी ढकलत शाळेपर्यंत नेली. नवरा म्हणाला, "हसं करून घेतलंस." तरी मी हट्ट सोडला नाही.

त्या चौघांत माझी लेकही होती. आता ती औषधांच्या कारखान्यात संशोधन करते. तिच्या एका पगारात आमचं वर्ष निघेल. बाकीचे तिघंही चांगले मार्गी लागले. काल त्या चौघांनी मिळून नवी कोरी बस दारात उभी केली. नवरा तेव्हापासून काचा पुसतोय.

"अगं, एवढी मोठी मला झेपेल का?" मी विचारलं.

"आई, आधी चढ. वस्तीतली पोरं शाळेसाठी खोळंबलीत."

आज एकही सीट रिकामी नव्हती. तुमच्या ऑफिससमोरून जाताना हॉर्न जरा जास्तच वाजवला. त्यामुळे हे पत्र आता टपालात टाकत नाही. सांगायचं ते सांगून झालंय.

आपली,
बसवाली बाई