पितळी युद्धनौका आणि अंगणातली कोरडी बोअर

मी, रतिलाल चिंधा धांडे, वय ७१ वर्षे, निवृत्त आरेखक, राहणार नशिराबाद, तालुका व जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही, आणि सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेले नाही. परवा मंगळवारी जळगावच्या इस्पितळात माझी छाती उघडायची आहे. उघडलेली छाती पुन्हा नीट शिवली जाईलच अशी हमी डॉक्टर देत नाहीत, म्हणून हा कागद.

पण खरे कारण ते नाही. माझ्या भिंतीपलीकडे गफूरभाई मणियार राहतात. त्यांची सात वर्षांची नात शाझिया गेले पाच महिने रोज सकाळी पोट धरून ओकते. जळगावच्या दोन डॉक्टरांना कारण सापडलेले नाही. मला ते माहीत आहे. ते कलम सहामध्ये येईल. पहिल्या कलमातही आले असते, पण माझी हिंमत तेवढी नाही, हे वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

कलम १. नशिराबाद येथील राहते घर, तीन खोल्या, ओटा व मागचे अंगण, माझे चिरंजीव ललित यांस द्यावे. ललित धुळ्याला शाळेत शिकवतो. वर्षातून तीनदा येतो आणि तिन्ही वेळा "नाना, हे विका आणि धुळ्याला चला" एवढेच म्हणतो. विकायला माझी हरकत नाही. मात्र कलम सातमधले काम पूर्ण झाल्याशिवाय विकू नये, आणि अंगणात काय आहे हे घेणाऱ्याला सांगितल्याशिवाय तर मुळीच विकू नये. माझ्यासारखे गप्प बसू नये.

कलम २. माझी पत्नी कै. मंदाबाई हिच्या पाटल्या व पोत सूनबाई मोनाली हिला. घरात येणाऱ्यांपैकी मी केलेल्या पितळी जहाजाला बोट न लावता पाहणारी ती एकटी. तिने एकदा विचारले होते, की नाना, एवढ्या शिड्या केल्यात, चढणारी माणसे कुठे आहेत? मी म्हणालो, माणसे मला जमत नाहीत. तेव्हा ती हसली होती.

कलम ३. रेखाटनाची पेटी, भिंग, बारीक पाती, पत्रा वाकवायचे साधन आणि पाचपैकी चार चिमटे माझी पुतणी मेघा हिला. तिचा हात चांगला आहे. पाचवा चिमटा जामनेरचे माझे मावसभाऊ हितेंद्र यांच्याकडे आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेला आणि त्या चिमट्याने पायातले काटे काढले. त्यांना या मृत्युपत्रान्वये दुसरे काहीही मिळणार नाही. चिमटाही परत नको, त्याचे टोक गेले.

कलम ४. जहाज. याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण अकरा वर्षे त्यात गेली आहेत.

'यामातो' नावाची जपानी युद्धनौका, मूळ लांबीच्या दोनशेव्या हिश्शाने, म्हणजे सव्वाचार फूट. अंग सागाचे, अंगावरचे बारीकसारीक सगळे पितळेचे. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही मंदाबाईने हट्ट धरला म्हणून. तिथे मी लाटांकडे पाठ करून बंदरातल्या बोटींच्या शिड्यांच्या पायऱ्या मोजत बसलो होतो, असे ती आल्यागेल्याला सांगायची. खरे आहे ते.

पितळी भाग बाहेरून तयार मागवता येतात. पण दुसऱ्याने ओढलेली रेघ मला चालत नाही. म्हणून आधी कठड्याचे किंवा शिडीचे चित्र दहापट मोठे काढायचे, त्याची फिल्म करायची, कागदाइतक्या पातळ पत्र्यावर उजेडाने कडक होणारा थर चढवायचा, वर फिल्म ठेवून पत्रा उन्हात धरायचा. मे महिन्यात आमचे ऊन हे काम अर्ध्या मिनिटात उरकते. मग पत्रा फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडायचा. उघडे राहिलेले पितळ ते पाणी खाऊन टाकते आणि केसासारखा कठडा मागे उरतो. नंतर तो चिमट्याने उचलून, सुईच्या टोकावर गोंदाचा थेंब घेऊन चिकटवायचा. श्वास रोखून. एक शिंक आली की आठवड्याचे काम जमिनीवर.

खाल्लेले पितळ नाहीसे होत नाही, ते त्या पाण्यात असते. तपकिरी पाणी हळूहळू हिरवे पडते आणि मग त्याची ताकद संपते. संपलेले पाणी टाकायचे असते. महिन्याला पाच लिटरचा एक कॅन निघायचा. जहाजाचे शेवटचे दोन पत्रे बाकी आहेत. ते बाकीच राहतील.

कलम ५. आता गफूरभाईंबद्दलची माझी अढी. ती कोणाला वारसाने देता येत नाही, म्हणून इथेच मोडतो.

गफूरभाईंचे हायवेला पितळी नावपाट्यांचे दुकान आहे. पत्रा कसा कोरायचा हे मला त्यांनीच शिकवले, हातचे काही न राखता. पहिल्याच दिवशी म्हणाले, "रतिभाऊ, एक गोष्ट ऐका. हे हिरवं पाणी जमिनीला देऊ नका. जमिनीला पचत नाही." ते स्वतः त्यात चुना घालतात, दोन दिवस गाळ बसू देतात आणि गाळ पिंपात भरून तो नेणाऱ्या माणसाला देतात. तुमचा कॅन माझ्या दुकानात आणून ठेवत जा, म्हणाले. पहिले चार कॅन मी नेलेही.

दोन हजार सोळाच्या दिवाळीत मी कठड्याचा पहिला तुकडा कौतुकाने दुकानात दाखवायला नेला. चार गिऱ्हाइके उभी होती. गफूरभाईंनी तो नखावर धरला आणि म्हणाले की भाऊ, तुमचा कठडा दारू पिऊन उभा आहे. सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन तो तुकडा चुरगाळला आणि ठरवले की आजपासून कॅन घेऊन या माणसाच्या पायरीला जायचे नाही. बोलणे चालू राहिले, ईदचा शीरखुर्मा इकडे आणि दिवाळीचा फराळ तिकडे चालू राहिला, रोज संध्याकाळी ओट्यावर बसणे चालू राहिले. अढी फक्त कॅनपुरती होती. इतक्या हलक्या गोष्टीवरून हे सगळे झाले, याची लाज मला वाटते.

कलम ६. माझ्या अंगणात एकशे ऐंशी फुटांची एक कोरडी बोअर आहे. अशी गावात घरोघरी असते. पाणी लागत नाही, केसिंग पाईप तेवढा वर राहतो आणि त्यावर दगड ठेवतात. हिरवे पाणी मी गटारात सोडले नाही, कारण गटाराला डाग पडला असता आणि गफूरभाईंनी तो ओळखला असता. मी दगड बाजूला करून ते बोअरमध्ये ओतत गेलो. दुपारी, ते दुकानात असताना. आठ वर्षे.

बोअर मेलेली आहे, असे मी मनाला सांगत होतो. वास्तविक जमिनीखालचे पाणी कुठून कुठे झिरपते याचे नकाशे काढण्यातच माझी छत्तीस वर्षांची नोकरी गेली. माझ्या अंगणाचा उतार गफूरभाईंच्या बोअरकडे आहे, हे मला नकाशा न काढता ठाऊक होते. अंतर तीस फूट. पाईपाजवळचा कढीपत्ता वाळला तेव्हा मंदाबाई म्हणाली होती, "तुम्ही त्या गफूरभाईंना एकदा विचारा तरी." मी तिच्यावर खेकसलो. कढीपत्ता उपटून टाकला.

तोवर ओतलेले पाणी आवाज न करता खाली जायचे. दोन हजार बावीसच्या पावसाळ्यानंतर एका दुपारी मी कॅन रिकामा केला आणि खालून पाण्यात पाणी पडल्याचा आवाज आला. मी पाईपाला कान लावला. पुन्हा थोडे ओतले. पुन्हा आवाज. बोअरला पाणी आले होते. त्या दिवशी माझ्याजवळची शेवटची सबब संपली. मी दगड परत ठेवला, हात धुतले आणि आत येऊन तोफेची जाळी चिकटवायला बसलो. पुढच्या महिन्यात पुन्हा ओतले.

आमच्याकडे नळ आठवड्याला एकदा येतो. मी पिण्याला जार आणतो. गफूरभाईंच्या घरी सगळे बोअरचेच पाणी पितात. आमच्या बोअरचं पाणी गोड, याचा त्यांना अभिमान. मागच्या उन्हाळ्यात सलीमाभाभी म्हणू लागल्या की चहा काळा पडतो आणि पाणी कळकल्यासारखे लागते. गफूरभाई जन्मभर पितळेत राहिलेला माणूस. त्यांना वाटले, हंड्याची कल्हई गेली. त्यांनी सगळे हंडे, कळशा काढल्या आणि कल्हई करून घेतली. चव जाईना म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा केली. कल्हईवाल्यालाच चोर ठरवले. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. भाभींनी मला चहा दिला तो मी घेतला नाही. पित्त झालेय म्हणालो.

शाझियाचे सुरू झाल्यावर सप्टेंबरात मी भाभींकडून एक बाटली पाणी मागून घेतले. औषधाला हवे, असे सांगितले. त्यांनी स्वतःच्या हाताने भरून दिले. प्रयोगशाळेचा अहवाल आला. पितळेत असते त्या तांब्याची पाण्यातली मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे. सापडले सहा पूर्णांक चार. अहवाल माझ्या टेबलाच्या उजव्या खणात आहे. त्यानंतर मी आणखी दोन कॅन ओतले. जहाजाच्या मागच्या कठड्याचे काम अर्धवट होते. हे खरे आहे म्हणून लिहिले.

मी वाईट माणूस आहे की भित्रा, हे ठरवायला आता वेळ नाही. पोर रोज ओकते आहे. भिंतीपलीकडून मला ऐकू येते.

कलम ७. बँकेतली सर्व ठेव शाझियाच्या उपचारासाठी, गफूरभाईंच्या घरी पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय करण्यासाठी, आणि दोन्ही बोअर जाणकाराला दाखवून तो सांगेल तशा बंद करण्यासाठी वापरावी. या गल्लीत आणखी तीन घरांना बोअर आहेत, त्यांचेही पाणी तपासावे. ललितने यात आडवे येऊ नये. हे दान नाही. जहाज गफूरभाईंचे. मोडावे, वितळवावे, घणाने ठेचावे. कोणत्याही प्रदर्शनात मात्र ठेवू नये. माझे नाव लावून तर नाहीच.

कलम ८. शेवटचे, आणि हे वकिलाच्या सल्ल्याविरुद्ध. वकील म्हणाले, साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, तुम्हाला सही करताना फक्त पाहायचे असते. ते ऐकून मला एक युक्ती सुचली. एक साक्षीदार माझ्या कचेरीतले जुने सहकारी वना पाटील, आणि दुसरे गफूरभाई. पाकीट बंद करून ललितकडे द्यायचे. मी मेलो की उघडेल, आणि उघडेल तेव्हा गफूरभाईंची सही खाली असेलच, म्हणजे मी त्यांच्यापासून चोरून ठेवले असे कोणी म्हणणार नाही. अशी माझी अक्कल. ऑपरेशन यशस्वी झाले तर पाकीट आणखी दहा वर्षे बंद राहिले असते, आणि खरे सांगायचे तर मला तेच हवे होते.

काल संध्याकाळी गफूरभाईंना सहीचे विचारले. आधी एकदा वाचून घ्या, असे मी वरवर म्हणालो. ते म्हणाले, "तुम्ही लिहिलंय ना भाऊ, मग मी काय वाचू? कुठं सही करायची तेवढं दाखवा." मंगळवारी इस्पितळात तुमच्यासोबत मीच थांबणार, असेही म्हणाले. त्या बोलण्याने मला रात्रभर झोपू दिले नाही.

म्हणून हा कागद माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. दोघे आता ओट्यावर येऊन बसले आहेत. माझी सही झाली की वना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचेल. ऐकून झाल्यावरच दोघांनी सही करावी. मंगळवारी माझ्यासोबत कोणी यावे असा माझा आग्रह नाही.

रतिलाल चिंधा धांडे
(मृत्युपत्र करणार)
ठिकाण: नशिराबाद
दिनांक: १९ जानेवारी २०२५, रविवार, सकाळी दहा वाजता

साक्षीदार क्र. १
रतिलालभाऊंनी माझ्यासमोर सही केली. नंतर सर्व मजकूर मी मोठ्याने वाचला. कलम सहाला मी थांबलो आणि विचारले, "हाई बठ्ठं खरं शे का, भाऊ?" ते म्हणाले, हो, सगळे खरे आहे.
वना कौतिक पाटील, राहणार धुळे

साक्षीदार क्र. २
ऐकलं. नंतर स्वतः पण वाचलं. खणातला रिपोर्ट मी घेतला आहे. मोटर बंद करायला घरी चाललो. सहीला दुसरा माणूस बघा.