लाकडं कुणाच्या अंगणात

२ ऑक्टोबर

खांदा पुन्हा बोंबलतोय. कुऱ्हाड उचलली की डोळ्यांपुढे काजवे! गेल्या हिवाळ्यासारख्याच बाकीच्या खोल्या बंद केल्यात, मोठी शेगडी थंड, स्वयंपाकघरातच झोपतो. जेवढी लाकडं फुटतील तेवढीच जाळायची.

दोस्त काउकोला काल कळलं. सौनाच्या वाफेत बसलो होतो, माझा हात वर जाईना, लपवणार कसं? म्हणाला, "अरे तायस्तो, आपल्या गावच्या क्लबला सांग की! म्हाताऱ्याकोताऱ्यांना दर वर्षी गावभर लाकडं वाटतो आपण, तुला नाही देणार?" म्हटलं, मेलो तरी नाही! बावीस वर्षं मी देणाऱ्यांत आहे, घेणाऱ्यांत नाही. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली त्याला. मग त्यानंही स्वतःचं सांगितलं – उजव्या डोळ्यानं जवळजवळ दिसतच नाही. आणि क्लबचा ट्रॅक्टर हाच चालवतो! "तो काढून घेतला तर सकाळी उठू कशासाठी?" म्हणाला. मीही शपथ घेतली.

६ ऑक्टोबर

परवा शनिवारी लाकडांचं श्रमदान. क्लबच्या अध्यक्षीणबाई इर्या यांचा फोन – "यंदा तू घरीच थांब, आराम कर." का बरं? मी नसलो तर लाकडं रचणार कोण, हिचा नवरा? त्याच्या थप्पीवर मांजर बसलं तरी ढासळते!

८ ऑक्टोबर

गेलोच.   बाकीचे बर्च झाडाचे ओंडके फोडत होते, मी ट्रॉलीत रचत होतो, एकाला एक घट्ट. विचारलं, "यंदाचा नवा गरजू कोण? त्याला जरा हात हलवायला काय झालं? की नुसता लोळतो?" इर्या दुसरीकडेच बघायला लागली. काउको ट्रॅक्टरवर चढला.

आम्ही मागून गाडीत. ट्रॅक्टर चर्चपाशी वळला, तळ्याच्या कडेकडेनं गेला आणि माझ्या अंगणात थांबला.

माझ्या!

ज्याच्या दारात लाकडं उतरतात त्यानं सगळ्यांना कॉफी आणि गोड पाव द्यायचा, ही आमची रीत. सगळे माझ्या दाराकडे बघत उभे. कसली कॉफी! सरळ काउकोपुढे गेलो. "दगाबाज! शपथ घेतली होतीस ना?" तो पाठ फिरवून ट्रॉलीचं फळकं उघडायला लागला!  मग माझा तोल गेला. सगळ्यांदेखत म्हणालो, "आणि हा तुमचा ड्रायव्हर! एका डोळ्यानं आंधळा आहे. विचारा त्यालाच!"

इर्यानं हात पुढे केला. काउकोनं तिच्या हातावर किल्ली ठेवली आणि चालत घरी गेला.

९ ऑक्टोबर

बरी जिरली काउकोची! लाकडं तशीच पडलीत. हात लावणार नाही.

११ ऑक्टोबर

कडाक्याची थंडी. थोडी आणली आत. शेगडी पेटली, पण जीव काही शांत होईना. शाळेपासूनचा मित्र – आणि असा पाठीत सुरा खुपसतो! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर एवढं लागलं नसतं. गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही. आता माझ्या लेखी तो मेला काय, जगला काय, सारखंच!

१३ ऑक्टोबर

इर्या येऊन गेली. म्हणाली, "काउकोनं कुठे काय सांगितलं? गेल्या हिवाळाभर तुझं मोठं धुराडं थंड होतं, अख्ख्या गावाला दिसत होतं. उलट क्लबच्या बैठकीत तोच एकटा आमच्याशी भांडला – लाकडं नका पाठवू, तायस्तोला लाज वाटेल म्हणून."

तसाच उठून त्याच्याकडे गेलो. त्याचं दार दिवसा कधी बंद नसतं. मी पायरीवर पाय ठेवला आणि आतून कडी लागली.