साठ तुकड्यांची नक्षी

क्वालालंपूर,
१० मार्च

प्रिय सुरायाताई,

सलाम. इकडे सगळं ठीक. रोजे चालू आहेत, त्यामुळे दुपारनंतर डोळ्यांसमोर फक्त तुझे केक नाचतात. भावजींचा गुडघा कसा आहे?

तुझ्या नव्या, रंगीत थर जोडून केलेल्या केकचा फोटो मिळाला. प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवला. आमचे डॉक्टर लिम म्हणाले, "बहिणीनं आपलं काम चोरलं की काय!" मी संगणकावर उभं केलेलं विषाणूचं कवच तू लोणी-अंड्यांत जसंच्या तसं उतरवलंस, मधल्या पाच टोकांच्या ताऱ्यासकट. मागे मी चित्र पाठवलं, तेव्हाच तू फोनवर ओरडली होतीस, "अगं, ही तर माझ्या केकची नक्षी! एवढं शिकून शेवटी माझ्याच धंद्यात आलीस की!" खोटं नाही ते. एक तुकडा नीट घडवायचा, मग संगणक त्याच्या साठ प्रती फिरवून एकमेकींना भिडवतो. पहिला तुकडा जरा चुकला की सगळीकडे फटी. तुझ्या थरांचंही तेच.

ईदच्या डब्यांवर या नक्षीचं नाव काय छापू, असं तू विचारलंस. उत्तराला उशीर झाला. काम होतं, पण ते कारण नाही.

ताई, हा झाडांवरचा विषाणू आहे असं मी तुला सांगितलं होतं. थाप मारली. हा तोच आहे. ज्या वर्षी साथीमुळे तुमच्या कुचिंग शहरातल्या बालवाड्यांना कुलपं लागली, त्या वर्षीचा. आपल्या इर्वानला ज्यानं नेलं, तो. इर्वानचं नाव घरात कोणी घेत नाही.

हे काम मी मागून घेतलं. ताऱ्याभोवती एक खोल चर आहे. तिथूनच तो शरीरातल्या पेशीला धरतो. तो चर बुजवणारं औषध आम्ही शोधतोय. चित्र देखणं आहे, हे मलाही दिसतं, आणि त्याचा भयंकर राग येतो.

पुढच्या आठवड्यात ते चित्र वर्तमानपत्रात येईल, रोगाच्या नावासकट. शेजारणीनं येऊन तुला दाखवावं, तेही लेकरांना तू तोच केक कापून देत असताना, हे मला सोसलं नसतं.

केक ठेवायचा की मोडायचा, तू ठरव. फोन करून हव्या तेवढ्या शिव्या दे. फक्त गप्प बसू नकोस. त्याच्याबद्दल आपण फार वर्षं गप्प बसलो.

इर्वानची मावशी,
हाझिरा